काळ्या स्तंभांचा किनारा
एका कोड्याची आणि त्याच्या उकलीची कथा

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्या काळ्या पाषाणाचा बनलेला आहे, त्या पाषाणाला भूशास्त्रात ‘बेसाल्ट’ असे नाव आहे. सह्याद्रीचे कडे, देशावरील किल्ल्यांचे तट, गावोगावच्या विहिरींची बांधणी आणि रस्त्यांवर पडणारी खडी या सर्वांत हाच दगड आढळतो. तो ज्वालामुखीच्या रसापासून निर्माण झाला, ही गोष्ट आज शाळेतील मुलेही सांगतात. परंतु एवढी साधी वाटणारी ही माहिती मानवाला सहजासहजी लाभलेली नाही. तिच्यासाठी विद्वानांमध्ये अनेक दशके वाद झाला आणि त्या वादात साक्षीदार म्हणून ज्या स्थळांना वारंवार पुढे आणण्यात आले, त्यांत आयर्लंडच्या उत्तर टोकावरील एका खडकाळ समुद्रकिनाऱ्याचे स्थान फार वरचे आहे.

आजच्या उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्यात, बुशमिल्स या गावाजवळ हा किनारा आहे. उंच कड्याच्या पायथ्यापासून निघालेली दगडी स्तंभांची फरसबंदी पायरीपायरीने उतरत थेट समुद्राच्या पाण्यात शिरते. स्तंभांची संख्या सुमारे ४०,००० सांगितली जाते. बहुतेक स्तंभ षट्कोनी आहेत. पाच किंवा सात बाजूंचेही पुष्कळ आहेत आणि क्वचित चार वा आठ बाजूंचेही सापडतात. प्रत्येकाची रुंदी साधारणपणे दीड फुटाच्या आसपास असून सर्वांत उंच स्तंभ सुमारे १२ मीटरपर्यंत जातात. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे ते एकमेकांना इतके चिकटून उभे आहेत की, दोन स्तंभांच्या मध्ये सुरीचे पाते शिरविणेही अनेक ठिकाणी कठीण जावे. या स्थळाचे इंग्रजी नाव ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे महाकाय पुरुषाने बांधलेला रस्ता, असे आहे.

लोककथेचे उत्तर

इतकी रेखीव रचना पाहिल्यावर ती कोणी तरी घडविली असावी, असे वाटणे स्वाभाविक होते. आयर्लंडच्या लोककथेने त्याचे श्रेय फिन मॅककूल या बलाढ्य वीराला दिले. समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यासाठी फिनने हा सेतू बांधला, अशी ती कथा आहे. परंतु प्रतिस्पर्धी आपल्याहून पुष्कळ थोराड आहे, हे लक्षात येताच फिनच्या पत्नीने नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजविले. ज्याचे तान्हे मूल एवढे, तो बाप केवढा असेल, या भीतीने पाहुणा परत पळाला आणि जाता जाता त्याने सेतू मोडून टाकला.

ही कथा केवळ करमणुकीची नाही. समुद्राच्या पैलतीरी, स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या स्टाफा बेटावरही अगदी तसेच स्तंभ आहेत, हे दोन्ही तीरांवरील कोळ्यांना आणि दर्यावर्दींना ठाऊक होते. दोन ठिकाणचा दगड एकच आहे, हे निरीक्षण त्यांनी कथेच्या रूपाने जपून ठेवले होते. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र अजून शोधावयाचे होते.

ऐकीव माहितीपासून चित्रापर्यंत

१६९२ मध्ये डेरी येथील बिशप हा किनारा पाहून आले. त्या प्रवासाचा वृत्तांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकून सर रिचर्ड बल्कली या डब्लिनच्या विद्वानांनी १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पत्र लिहिले. त्या पत्राने विद्वानांच्या मंडळात कुतूहल निर्माण झाले. हे स्तंभ माणसांनी छिन्नी-हातोड्याने घडविले, की निसर्गाने, असा प्रश्न उपस्थित झाला. सोसायटीतील मंडळींनी केवळ आश्चर्य व्यक्त करून विषय सोडून दिला नाही. स्तंभ अखंड आहेत की तुकड्यांचे, तुकड्यांचे असल्यास सांधे कसे आहेत, अशा स्वरूपाची विचारणा करण्यात आली आणि १६९४ मध्ये डॉ. सॅम्युएल फोली यांनी रेखाचित्रासह त्यांची उत्तरे पाठविली. स्तंभ अनेक तुकड्यांचे असून एका तुकड्याचा फुगीर माथा दुसऱ्याच्या खोलगट तळात उखळीत बसावा तसा बसलेला असतो, हे वैशिष्ट्य अशा वर्णनांतून प्रथमच दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

डब्लिनचे वैद्य टॉमस मॉलिन्यू यांनी या प्रश्नाचा अधिक पाठपुरावा केला. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात स्टॉल्पेन येथे असलेल्या काळ्या स्तंभांचे वर्णन जॉर्जियस अॅग्रिकोला या खनिजशास्त्रज्ञाने १५४६ मध्येच करून त्या दगडाला ‘बेसाल्ट’ हे नाव लावले होते. आयर्लंडचे स्तंभ त्याच जातीचे असल्याचे मॉलिन्यू यांनी ओळखले. स्तंभ मानवनिर्मित नसून नैसर्गिक आहेत, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट झाला. आधीच्या रेखाचित्राविषयी त्यांचे समाधान झालेले नव्हते. म्हणून १६९७ मध्ये एडविन सँडिस या चित्रकाराकडून नवे चित्र काढवून घेण्यात आले.

खरा बदल घडला तो आणखी चार दशकांनी. डब्लिनच्या सुझॅना ड्रुरी या चित्रकर्तीने १७३९ च्या सुमारास या किनाऱ्याची पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून दिसणारी दृश्ये मोठ्या काळजीने रंगविली. स्तंभांचे सांधे, त्यांच्या बाजू, लाटांनी झिजलेले माथे आणि मागील कड्यातील थर या चित्रांत स्पष्ट दिसतात. शेजारी काढलेल्या माणसांच्या आकृतींवरून आकारमानाचाही अंदाज येतो. १७४० मध्ये डब्लिन सोसायटीने या चित्रांना पारितोषिक दिले आणि १७४३-४४ मध्ये त्यांवरून केलेल्या कोरीव छाप्यांच्या प्रती युरोपभर गेल्या. जे विद्वान आयर्लंडला कधी जाणार नव्हते, त्यांच्या टेबलावर आता हा किनारा विश्वासार्ह स्वरूपात येऊन पोहोचला.

फ्रान्समधील एक कडा

त्या विद्वानांपैकी एक होते फ्रान्समधील निकोला देमारे. ते सरकारी सेवेत उद्योगधंद्यांची पाहणी करणारे अधिकारी होते. १७६३ मध्ये मध्य फ्रान्समधील ऑव्हेर्न्य प्रांतातून जात असता त्यांना एका कड्यापाशी तसेच काळे बहुकोनी स्तंभ आढळले. देमारे तेथेच थांबले नाहीत. ज्या दगडी थराच्या कडेला हे स्तंभ होते, त्या थराचा मागोवा घेत ते वर चढत गेले आणि तो थर विझलेल्या ज्वालामुखीतून वाहत आलेल्या लाव्हाचा ओघ असल्याचे त्यांना दिसून आले. स्तंभ म्हणजे थंड झालेला लाव्हा होय, हा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यांनी आपली फ्रान्समधील निरीक्षणे आणि आयर्लंडची चित्रे शेजारी शेजारी ठेवली. १७६८ मध्ये फ्रान्सच्या सुप्रसिद्ध विश्वकोशाच्या चित्रखंडात जायंट्स कॉजवेची दृश्ये देमारे यांच्या विवेचनासह प्रसिद्ध झाली. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आज ज्वालामुखी दिसत नसला, तरी तेथील दगड ज्वालामुखीचाच असला पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. ऑव्हेर्न्य प्रांताचा नकाशा जोडलेला त्यांचा सविस्तर प्रबंध १७७४ मध्ये छापून आला.

याच सुमारास समुद्रापलीकडची साक्षही उपलब्ध झाली. कॅप्टन कुक यांच्यासमवेत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७७२ मध्ये आइसलँडला निघाले असता वाटेत स्टाफा बेटावर उतरले. स्तंभांनी वेढलेल्या तेथील प्रचंड गुहेची त्यांनी मोजमापे घेतली; तिची लांबी ३७१ फूट भरली. दोन वर्षांनी हे वर्णन प्रसिद्ध झाले आणि लोककथेतील सेतूची दोन्ही टोके प्रथमच शास्त्राच्या नोंदवहीत एकत्र आली.

पाणी की अग्नी?

तथापि प्रश्न मिटला नाही. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणविद्यालयात १७७५ पासून अध्यापन करणारे अब्राहम वेर्नर हे त्या काळातील अत्यंत प्रभावी शिक्षक होते. पृथ्वीवरील बहुतेक खडक आदिम महासागराच्या पाण्यातून साक्याच्या रूपाने साचत गेले, असे त्यांचे मत होते आणि बेसाल्टलाही त्यांनी याच वर्गात बसविले. या मताला आधारही होते. बेसाल्टचे थर अनेक ठिकाणी पाण्यात साचलेल्या खडकांच्या मध्ये सापडत. स्तंभांचे नियमित कोन पाहून ते द्रावणातून तयार होणाऱ्या स्फटिकांसारखे वाटत. शिवाय वितळलेला दगड निवल्यावर त्याची काच होते, असा अनुभव होता. मग रवाळ बेसाल्ट वितळलेल्या रसातून कसा निर्माण होईल, हा आक्षेप बिनतोड वाटे.

आयर्लंडमध्येही दोन पक्ष पडले. रेव्हरंड विल्यम हॅमिल्टन यांनी अँट्रिमच्या किनाऱ्याविषयी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्ररूप ग्रंथात ज्वालामुखीचा पक्ष मांडला. उलट विल्यम रिचर्डसन यांनी जवळच्या पोर्टरश येथे ‘बेसाल्टमध्ये’ शंखवर्गीय सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडल्याचे दाखवून दिले. तप्त रसात जीवाश्म टिकणे अशक्य. तेव्हा हा दगड पाण्यातच साचला असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. बारकाईने तपासणी झाल्यावर वस्तुस्थिती निराळी निघाली. जीवाश्म असलेला काळा खडक हा मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला चिखलाचा खडक होता. त्यात शिरलेल्या तप्त शिलारसाच्या आचेने तो भट्टीतील विटेप्रमाणे भाजून इतका कठीण झाला होता की, दिसण्यात बेसाल्टसारखाच वाटावा. पाण्याच्या पक्षाचा म्हणून पुढे आणलेला पुरावा अशा रीतीने अग्नीच्या बाजूचा साक्षीदार ठरला.

काचेसंबंधीचा आक्षेप स्कॉटलंडचे सर जेम्स हॉल यांनी प्रयोगाने दूर केला. १७९८ मध्ये त्यांनी बेसाल्टच्या जातीचा दगड भट्टीत वितळवून दाखविला. तो रस एकदम निवविला, तर काच होते. परंतु सावकाश निवू दिला, तर पुन्हा रवाळ दगड मिळतो, असे सिद्ध झाले. फरक पदार्थाचा नव्हता, निवण्याच्या वेगाचा होता.

वेर्नर यांचे शिष्य द’ऑब्युइसाँ यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १८०३ मध्ये त्यांनी सॅक्सनीतील बेसाल्टविषयी ग्रंथ लिहून गुरूंच्या मताचे समर्थन केले. पुढच्याच वर्षी ते देमारे यांचा ऑव्हेर्न्य प्रांत स्वतः पाहण्यास गेले आणि तेथील लाव्हाचे ओघ पाहून त्यांनी आपले मत बदलले. ग्रंथांनी जे पटले नव्हते, ते कड्यापाशी उभे राहिल्यावर पटले.

स्तंभ बनतात कसे?

आज या किनाऱ्याचा इतिहास पुष्कळ तपशिलाने सांगता येतो. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी युरोप व ग्रीनलँड एकमेकांपासून दूर सरकू लागले होते आणि उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता. त्या काळी भूकवचाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि त्याचे थर पसरले. त्यानंतर दीर्घ विश्रांतीचा काळ गेला. उष्ण व दमट हवेत वरच्या थराची झीज होऊन तांबडी, जांभ्यासारखी माती तयार झाली आणि नद्यांनी दऱ्या कोरल्या. कोकणातील वाचकाला ओळखीचा वाटेल असा हा तांबडा पट्टा त्या कड्यांत आजही स्पष्ट दिसतो. पुढे पुन्हा उद्रेक झाला आणि नवा लाव्हा त्या दऱ्यांत जाऊन साचला. खोलगट जागी साचलेला हा जाड थर सावकाश निवत गेला. जायंट्स कॉजवेचे स्तंभ या थराचे आहेत.

निवताना दगड आकसतो. मोकळ्या वस्तूला चहूबाजूंनी लहान होता येते. विस्तीर्ण थराला तसे होता येत नाही. त्यामुळे थरात ताण निर्माण होतो आणि तो असह्य झाला की तडे जातात. उन्हाळ्यात तळे आटल्यावर गाळाला पडणाऱ्या भेगा हे याच क्रियेचे घरगुती उदाहरण होय. तेथे ओलावा जातो, येथे उष्णता जाते, एवढाच भेद. सर्व दिशांना सारखा ताण असता तो कमीत कमी तड्यांनी मोकळा व्हावयाचा, तर एका बिंदूतून तीन तडे निघून त्यांमध्ये १२० अंशांचे कोन होणे सर्वांत सोयीचे असते. असे त्रिकूट एकमेकांना जोडले गेले की षट्कोन तयार होतो. दगड सर्वत्र अगदी एकसारखा नसल्याने काही आकृती पाच किंवा सात बाजूंच्या होतात. स्फटिकाचे कोन ठरलेले असतात, या स्तंभांचे तसे नसतात. म्हणून हे स्फटिक नव्हेत, हेही येथेच स्पष्ट होते.

पृष्ठभागावर प्रथम पडणारे तडे काहीसे वेडेवाकडे असतात. दगड जसजसा आत निवत जातो, तसतसे ते टप्प्याटप्प्याने खोल उतरतात आणि उतरता उतरता अधिक नियमित होतात. थर वरून व खालून अशा दोन्ही बाजूंनी निवतो आणि तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत शिरतात. आडव्या थरात स्तंभ उभे राहतात ते यामुळे. निवण्याचा वेग मंद असेल तर स्तंभ रुंद होतात, जलद असेल तर बारीक. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या प्रारंभी मक्याच्या पिठाची कांजी सुकवून अगदी असेच छोटे स्तंभ प्रयोगशाळेत तयार केले. आइसलँडमधील बेसाल्टवर लिव्हरपूल विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे तडे साधारणपणे ८४० ते ८९० अंश सेल्सिअस तापमानाला पडतात, असे आढळले. म्हणजे दगड घट्ट झाल्यानंतर, पण तो लाल तप्त असतानाच, स्तंभांची आखणी पूर्ण होते.

जतनाचा प्रश्न

स्थळ प्रसिद्ध झाले, तसे ते संकटातही आले. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांची रीघ लागली. १८८३ मध्ये पोर्टरशहून जलविद्युत शक्तीवर चालणारी ट्राम सुरू झाली आणि ती पुढे या किनाऱ्यापर्यंत नेण्यात आली. स्तंभांचे तुकडे आठवण म्हणून विकले जाऊ लागले. शतकाच्या अखेरीस जागेला कुंपण घालून प्रवेशशुल्क बसविण्यात आले. ही वाट सर्वांची की मालकाची, हा वाद न्यायालयात गेला आणि निकाल मालकांच्या बाजूने लागला. १९६१ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे स्थळाची देखभाल आली आणि १९८६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

तरीही दक्षतेची गरज संपलेली नाही. स्तंभांच्या फटींत नाणे ठोकून ठेवण्याची प्रथा प्रवाशांत रूढ झाली. ही नाणी गंजून फुगतात आणि दगडाला फोडतात, गंजाचे डागही पडतात. म्हणून हा प्रकार थांबवावा, असे आवाहन २०२५ मध्ये ट्रस्टला करावे लागले. सहा कोटी वर्षे टिकलेला दगड एका नाण्याने दुखावतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आपल्या भूमीतील स्तंभ

दख्खनचा बेसाल्ट हा याच घराण्यातील, किंबहुना थोडा अधिक जुना आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पसरलेल्या या लाव्हाथरांनी आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. डोंगरांच्या पायऱ्यांसारख्या उतारांवरून या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते आले आहे. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात स्तंभाकार बेसाल्टही ठिकठिकाणी उघडा पडला आहे. मुंबईतील अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. सुमारे ६० मीटर उंचीचा हा स्तंभसमूह असून त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. भोवतालचा कातळ खाणकामात तुटत गेला आणि टेकडी एकाकी उभी राहिली. २००७ मध्ये महानगरपालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवडे येथेही असे स्तंभ आहेत.

कर्नाटकात मालपे बंदरासमोरील सेंट मेरी बेटांवरील स्तंभ तर थेट समुद्रात उभे आहेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. त्यांचा दगड मात्र दख्खनचा नाही. तो सिलिकाचे प्रमाण अधिक असलेल्या निराळ्या लाव्हाचा असून सुमारे ८ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे मादागास्कर भारतापासून विलग होत होता त्या काळचा आहे. स्तंभाचा आकार निवण्याच्या क्रियेतून येतो, एकाच जातीच्या दगडाची ती मक्तेदारी नव्हे, हे या बेटांवरून समजते.

आयर्लंडच्या किनाऱ्याचे कोडे सुटले, ते तेथील दगड जागेवर होता म्हणून. शंका आली तेव्हा पुन्हा जाऊन पाहता आले, चित्र पडताळता आले, जीवाश्माचा खडक फोडून तपासता आला. दगड हाच मूळ दस्तऐवज असतो आणि तो खडीच्या यंत्रात गेला की त्याची दुसरी प्रत मिळत नाही. रस्ते, धरणे आणि घरे यांसाठी दगड लागणारच. परंतु खाणीत किंवा रस्त्याच्या कामात असे स्तंभ उघडे पडल्यास ती जागा तोडण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, स्थळाची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करणे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास कळविणे यास फारसा खर्च येत नाही. या विभागाच्या मध्य क्षेत्राचे मुख्यालय नागपूर येथेच आहे. जवळच्या शाळेतील शिक्षकांना तर अशा जागी भूगोलाचा पाठ प्रत्यक्ष घेता येईल. स्तंभांच्या बाजू मोजणे, कोन मापणे, सांधे पाहणे, एवढे विद्यार्थ्यांना सहज करता येते. रॉयल सोसायटीतील मंडळींनी सव्वातीनशे वर्षांपूर्वी जे प्रश्न विचारले, ते याच स्वरूपाचे होते.